ओडिलाबाईची कोरी चाल

रहेमतुल्लाचाचानं मला पहिली थोबाडीत दिली ती एका फ्रेंच बाईवरून. ती फ्रेंच आहे हे तेव्हा त्यालाही माहीत नव्हतं आणि मलाही नव्हतं. मलकापूरच्या बसस्टँडवर चहाच्या टपरीपाशी मी उभा होतो. डोक्यात एक चाल घोळत होती, ती शिट्टीवर वाजवली, एवढाच माझा गुन्हा. त्यानं मागून येऊन अशी ठेवून दिली की अर्धा चहा माझ्या सदऱ्यावर आणि अर्धा टपरीवाल्याच्या अंगावर गेला.

"काऊन बे परसेन्या, रस्त्यावर वाजवून राह्यला? तुह्या बापाची हाय काय थे चाल?"

मी काही शेंबडं पोर नव्हतो. चोवीस वर्षांचा बी. ए. झालेला बाप्या होतो, नाव प्रसेनजित, आमच्या बौद्धवाड्यातला पहिला पदवीधर. नोकरी मिळेना म्हणून चाचाच्या बँडात साइड ड्रम बडवत होतो. बडवण्यावर पोट असलेल्या माणसाचा हात लवकर शिवशिवतो, तसा माझाही शिवशिवला. पण समोर रहेमतुल्ला होता. त्याच्या अंगावर जाणं म्हणजे आपल्या पायानं जाऊन हाडं मोडून घेणं. मी गाल चोळत सदऱ्यावरचा चहा झटकला.

चाचा बँडचा मास्टर होता, म्हणजे मालकही तोच आणि पहिला ट्रम्पेटवालाही तोच. उंची बेताची, मान जाड, वरचा ओठ ट्रम्पेट दाबून दाबून मधोमध कायमचा सुजलेला. समोरचे दात मात्र सरळ आणि पांढरेशुभ्र. त्यांना तो जिवापाड जपायचा. सुपारी नाही, तंबाखू नाही, ऊससुद्धा दाढेनं सोलायचा. "बाजा व्हटानं नाई वाजत, दातानं वाजते," असं म्हणायचा. त्याच्या रागाची रीत अशी की आधी हात चालायचा आणि मागून तोंड. ताल चुकला की ढोलाची काठी पाठीत. वर्दी मळली की कानाखाली. नांदुऱ्याच्या एका लग्नात नवरदेवाच्या मामानं नोट चपलेखाली दाबून धरली आणि "उचल अन् वाजव" म्हणाला. चाचानं नोटेऐवजी मामाच उचलला आणि मांडवाबाहेरच्या उष्ट्या पत्रावळींवर नेऊन टाकला. त्या दिवशी आम्ही सोळा जण उपाशीपोटी, ढोल डोक्यावर घेऊन हायवेपर्यंत पळालो. खोटं कशाला बोलू, मला ते फार आवडलं होतं.

आता त्या चालीचं सांगतो. पावसाळ्यात लग्नं नसतात, तेव्हा बँडवाला मिळेल ते काम करतो. चाचा आणि मी एमआयडीसीतल्या एका लहानशा कारखान्यात जायचो. जुनं प्लास्टिक दळून तिथं शेतात टाकायचे पाइप बनवायचे. बीटी कपाशी नुकतीच आली होती. बोंडअळी मेली, आता झाडाला नुसता कापूस लागणार म्हणून सगळा तालुका हवेत होता आणि जो तो विहिरीपासून बांधापर्यंत पाइप टाकत सुटला होता. आमच्या मशीनला उसंत नव्हती. भंगार बाहेरदेशातून मुंबईला उतरायचं आणि तिथून ट्रकनं आमच्याकडे यायचं. दोन हजार तीनच्या पावसाळ्यात अशा एका ट्रकमधून सात पोती काळ्या तबकड्या निघाल्या. बशीएवढ्या, मधे मोठं भोक, कागदी पाकिटात घातलेल्या. पाकिटांवर बाया-माणसांचे फोटो.

मुकादमानं पाकिटं फाडायला सांगितली आणि पाच पोती आम्ही ग्राइंडरमध्ये ओतलीसुद्धा. तो आवाज मी विसरलेलो नाही. सहाव्या पोत्यातली एक तबकडी चाचानं उजेडात धरली, तिच्यावरून बोटाचं नख फिरवलं आणि ओरडला, "अबे, गाणे हायेत हे! गाणे दळून राह्यलो आपुन!"

मुकादमाला गाण्याशी काय देणंघेणं? त्यानं पोतं ओढलं. चाचानं उलट ओढलं. पोतं ग्राइंडरच्या तोंडावर आडवं झालं, मुकादमानं चाचाच्या बरगडीत लाथ घातली, आणि तोल सांभाळताना चाचाचा डावा हात आत गेला. मी बटण दाबलं तोवर करंगळी गेली होती. रक्तानं पोतं भिजलं, पण त्यानं पोत्याचं तोंड उजव्या हातानं धरलेलं होतं ते सोडलं नाही. आधी पोतं बाहेर काढलं, मग शांतपणे मुकादमाच्या तोंडावर कपाळ आपटून त्याचं नाक फोडलं, आणि मग खाली बसला.

"डावा हाय," मला म्हणाला. "बाज्याले उजव्याचे तीन बोटं लागतेत. डाव्याचं काय घिऊन बसला?"

मालक घाबरला. पोलिसात जाऊ नको, भरपाई काय पाहिजे ते माग, म्हणाला. दुसऱ्या कुणी काहीही मागितलं असतं. यानं उरलेली दोन पोती मागितली.

चाचाच्या वडिलांची एके काळी लाउडस्पीकरची सर्व्हिस होती. त्यातला रेकॉर्ड प्लेयर घरात माळ्यावर पडून होता. तो त्यानं उतरवला, दुरुस्त केला, आणि त्या मोठ्या भोकात बसेल अशी लाकडी गोटी सुताराकडून करून घेतली. मग पावसाळाभर दुपारी आम्ही तबकड्या ऐकत बसलो. चाचा, मी, आणि त्याची मुलगी गुलनाज. ती तेव्हा बारा वर्षांची होती. तिची आई राबिया फार आधी गेलेली, म्हणून पोर बापाच्या पायात पायात असायची. निम्म्या तबकड्या फुटलेल्या, काही खरखरत एकाच ठिकाणी अडकायच्या. पण ज्या वाजायच्या त्या अशा की आम्ही एकमेकांकडे पाहत राहायचो. एक बाई गाता गाता श्वास सोडायची आणि पुन्हा त्या श्वासावरच सूर धरायची. एक माणूस नुसता बोलायचा, मागे वाजणाऱ्या पेटीसारख्या बाज्यावर, आणि तरी ते गाणं व्हायचं. भाषा कोणती ते कळेना. चाचा म्हणायचा रशियन, मी म्हणायचो जर्मन. गुलनाज म्हणायची, "कोनतीबी असू द्या, वाजू तं द्या!"

घरी ते हिंदी बोलत, पण माझ्यासमोर बापलेक दोघंही वऱ्हाडीवर यायचे.

दिवाळीनंतर लग्नं सुरू झाली आणि आम्ही त्या चाली रस्त्यावर आणल्या. सूर त्यांचे, ठेका आमचा. एखाद्या चालीवर घोडी नाचवायची, एखादी मुलीच्या पाठवणीला. बीटीचे पहिले हंगाम. लोकांच्या हातात पैसा खुळखुळत होता, लग्नाला दोन दोन बँड लागायचे. खामगावच्या एका लग्नात मुलीकडचा बँड खानदेशातून आला होता. मुकाबला लागला. त्यांनी सिनेमाची गाणी वाजवली, लोक गुणगुणले. आम्ही आमची वाजवली आणि लोक गुणगुणायचे थांबले, कारण कुणालाच माहीत नव्हतं पुढं सूर कुठं वळणार. त्यांचा मास्टर येऊन विचारू लागला, कोणत्या पिक्चरमधलं? चाचा सांगेना. त्यानं चाचाची गचांडी धरली. मग काय, पोरगी बोहल्यावर आणि बाहेर दोन बँड एकमेकांच्या उरावर. मी माझ्या दोन काड्यांनी त्यांच्या ताशेवाल्याला असा वाजवला की एक काडी मोडली. आमचा मोठा ढोल फाटला, त्यांचे दोन फाटले. घरी येताना चाचा टेम्पोत मोठमोठ्यानं हसत होता.

पुढं मी नेट कॅफेत जाऊन तबकडीवरची अक्षरं एक एक करून टाइप केली, तेव्हा उलगडा झाला. धावत जाऊन चाचाला सांगितलं, "चाचा, फ्रान्सचे गाणे हायेत हे!"

"फ्रान्स कुठसाक हाय?"

"इंग्लंडच्या बाजूले."

"कपाशी व्हते काय तिथं?"

"नाई व्हत."

"मंग हाय बाप्पा त्याइले गाणे म्हनाले टाइम," तो म्हणाला.

त्यानंतर मला वेडच लागलं. जुनं झालं, नवं ऐकू म्हणून मी तिकडच्या आजच्या पोरापोरींची गाणी सीडीवर भरून आणायचो. चाचा डोळे मिटून निकाल द्यायचा. "हे पोट्टी दमाची हाय." "हा पोट्टा नाकात गाते, सर्दी झाली त्याले." कधी तर नव्या गाण्यात जुन्या तबकडीचा सूर पकडायचा आणि म्हणायचा, "यानं आपल्या बाईचं चोरलं, पाह्य." मलकापुरात बसून फ्रान्सच्या चोऱ्या पकडणारा तो एकटाच असेल.

एका तबकडीचा मात्र पत्ता लागला नाही. पाकिटावर पिवळा रेनकोट घातलेली एक पोरगी सायकल धरून उभी. चेहरा रागावलेला. नाव अर्धं फाटलेलं, उरलेलं 'ओडिल'. चाचानं तिची ओडिलाबाई करून टाकली. मी चार वर्षं नेटवर शोधलं. तिचं नाव नाही, फोटो नाही, गाणं नाही. तिच्या देशातही ती कुणाला आठवत नव्हती. हे सांगितलं तेव्हा मला वाटलं चाचाला वाईट वाटेल. त्याचा चेहरा खुलला. "म्हन्जे आता थे आपलीच झाली."

तिचं गाणं भांडल्यासारखं सुरू व्हायचं. कुणाला तरी ती बोल लावतेय असं वाटायचं. मग तिसऱ्या वळणावर सूर एकदम वर जायचा आणि तिथं राग संपून जायचा. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा चाचानं सुई उचलून पुन्हा सुरुवातीला ठेवली. मग तबकडी पाकिटात घातली आणि म्हणाला, "हे नाई वाजवाची. हे गुलनाजची."

इथं आमच्या धंद्याचा कायदा सांगायला पाहिजे. तो कुठं लिहिलेला नाही, पण बँडवाला बायकोशी एक वेळ खोटं बोलेल, हा कायदा मोडणार नाही. आमच्याकडे पिकलं पान गळालं, नातू-पणतू पाहून कुणी म्हातारा गेला, की त्याला वाजतगाजत नेतात. आणि मयतीत वाजलेली चाल पुन्हा लग्नात वाजत नाही. बाटली ती कायमची. एका बँडवाल्यानं चुकून वाजवली होती, तर वऱ्हाडानं त्याचा ढोल त्याच्या देखत जाळला आणि त्यालाही आगीत ढकलत होते. दुसरा कायदा असा की मास्टर आपल्या मुलीच्या लग्नासाठी एक चाल कोरी ठेवतो. जगाच्या मुली तो वाजवून पाठवतो. त्याच सुरांवर आपली कशी पाठवायची? ज्या चालीवर कुणी नाचलं नाही, कुणी रडलं नाही, अशी एक चाल त्या दिवशी पहिल्यांदा बाहेर निघते. ओडिलाबाईची चाल गुलनाजच्या लग्नापर्यंत कोरी ठेवायची होती. ती मी बसस्टँडवर शिट्टीवर वाजवली. आता सांगा, थोबाडीत बसली ते चुकलं काय?

चाचाच्या हाताखाली आणखी एक जण तयार झाला, अजहर. त्याच्या बहिणीचा मुलगा. दिसायला काडी, पण ट्रम्पेट असा वाजवायचा की चाचाही कधीकधी आपला बाजा खाली घेऊन ऐकायचा. मारही सर्वांत जास्त त्यानंच खाल्ला. तोंडातून अवाक्षर काढायचा नाही. चाचा म्हणायचा, जितका ठोकला तितका सुरात आला. आम्ही माना डोलवायचो. आज ते आठवलं की माझी मलाच किळस येते.

मग कपाशीचे दिवस फिरले. पानं लाल पडू लागली, बोंडं हिरवीच वाळू लागली, औषधं फवारून माणसं चक्कर येऊन वावरात पडू लागली. लग्नं लहान झाली आणि वरून डीजे आला. एका डीजेच्या भाड्यात सोळा माणसांची जेवणं वाचतात. अजहरनं बँड सोडला आणि भागीदारीत डीजे घातला. पुढच्याच लग्नात एका बाजूला आमचा बँड, दुसऱ्या बाजूला त्याची स्पीकरची डबडी. आमचा आवाज आमच्याच कानात येईना. चाचानं मांडवाच्या खांबाशी पडलेली कुऱ्हाड उचलली आणि वायरी तोडल्या, मग डबडी फोडली, मग अजहरला वऱ्हाडासमोर खाली पाडून लाथांनी तुडवला. अजहरनं हात उचलला नाही. नाकातलं रक्त पुसत एवढंच म्हणाला, "मामू, बाजा कोनीच नाई ऐकून राह्यलं आता. मले तुमाले खाली दाखवाचं नोतं."

वर्षभरानं त्याची आई गुलनाजला मागणी घालायला मिठाईचं ताट घेऊन आली. चाचानं ते ताट दारासमोरच्या नालीत भिरकावलं.

गुलनाजचं लग्न त्यानं मोताळ्याकडे ठरवलं. बी-बियाण्याचं, खताचं दुकान, दोन मजली घर, मुलगा शाहरुख, अंगानं भरलेला, बोलायला चुरचुरीत. दोन हजार अकराच्या जूनअखेर तारीख धरली. चाचानं तबकडी काढली आणि रोज दुपारी दार लावून ट्रम्पेटमध्ये कापड कोंबून ती चाल घोटू लागला.

त्याच जूनमध्ये कपाशीच्या एका वाणाची अशी टंचाई झाली की बियाण्याच्या एका पिशवीसाठी माणसं एकमेकांच्या अंगावर चढत होती. बायांची रांग वेगळी आणि आखूड, म्हणून जो तो घरची बाई घेऊन यायचा. चाचाचं दीड एकर वावर होतं. त्यानं गुलनाजला रांगेत उभं करायला माझ्याबरोबर पाठवलं. रांग तिच्या होणाऱ्या सासरच्याच दुकानापुढं होती, पण ओळख काढून पिशवी मागणं त्याच्या मानी स्वभावात बसत नव्हतं. गुलनाजनं तोंडावर ओढणी घेतली होती, तिला कुणी ओळखलं नाही.

दुकानाला लोखंडी जाळीचा दरवाजा होता. आत शाहरुख हातात वेळूची काठी घेऊन उभा. गुलनाजच्या पुढं अंबूबाई नावाची एक म्हातारी होती. सकाळपासून आमच्याशी नातवंडांच्या गोष्टी करत होती. तिचा नंबर आला तेव्हा मागून लोंढा आला. ती जाळीवर दाबली गेली, आणि सातबाऱ्याचा कागद धरलेला तिचा हात जाळीतून आत गेला. "मांगं व्हय, बुढे!" म्हणत शाहरुखनं त्या हातावर काठी मारली. एकदा नाही, तीनदा. बांगड्या फुटून मनगटात घुसल्या. हाडाचा आवाज मी मागे उभा राहून ऐकला. म्हातारीला हात बाहेर ओढता येईना आणि हा मारतच होता. कागद रक्तानं भिजून खाली पडला, तेव्हा त्यानं तो काठीच्या टोकानं बाजूला सारला आणि पुढचीला म्हणाला, "तुहा कागद दाव."

पुढची गुलनाज होती. तिनं कागद दिला नाही. अंबूबाईला धरून ती रांगेबाहेर आली.

घरी येऊन तिनं बापाला सगळं सांगितलं. चाचा ट्रम्पेट पुसत होता.

"रांगीत हानामारी व्हतेच," तो म्हणाला. "मानूस वैतागते. मरदाचा हात हाय, उठते."

"माह्यावर उठला तं?"

"तू तसं वागजोच नोको."

गुलनाजनं माझ्याकडे पाहिलं. मी होतो ना तिथं, मी डोळ्यांनी पाहिलं होतं. मी जमिनीकडे पाहत राहिलो. मारणाऱ्याला मारणारा वाईट दिसत नाही, आणि मीही त्यांच्यातलाच होतो.

लग्नाला नऊ दिवस उरले होते. त्या दिवशी आमचा बँड टेम्पोनं एका लग्नाला निघाला होता. सकाळचे दहा वाजले असतील. नळगंगा नदीच्या अलीकडच्या एका गावात रस्त्यावर मयत लागली. नारायणराव म्हणून नव्वदीचे गृहस्थ गेले होते, मोठं खटलं, मागे चार पिढ्या. टेम्पो बाजूला घेऊन आम्ही टोप्या काढल्या. पुढं ढोल होता, आणि ढोलाच्या पुढं एकटा ट्रम्पेटवाला चालत होता. अजहर.

तो ओडिलाबाई वाजवत होता.

भांडल्यासारखी सुरुवात, मग ते तिसरं वळण, आणि सूर वर. इतकी सुंदर ती चाल मी तबकडीवरही ऐकली नव्हती. लोक रडत होते. हे मला नंतर आठवलं. त्या क्षणी मला एवढंच कळलं की आठ वर्षं जपलेली चाल बाटली. चाचानं हातातली टोपी फेकली. तो टेम्पोवरून उडी मारून धावला आणि त्याच्यामागं मी.

त्यानं अजहरला मागून कंबरेत धरून आडवा पाडला. ट्रम्पेट उडून पडला. छातीवर बसून त्यानं मुठींनी त्याचं तोंड फोडलं. मग थांबला. मारायचं काय ते त्याला सुचलं होतं. मला म्हणाला, "परसेन्या, उजवा हात धर त्याचा."

मी धरला. माझ्या दोन्ही हातांनी अजहरचं मनगट डांबरावर दाबून धरलं, बोटं पसरून. हे मी कोर्टात कबूल केलं नाही, कारण कोर्टापर्यंत काही गेलंच नाही. इथं कबूल करतो. अजहर माझ्याकडे पाहत होता आणि त्यानं बोटं मिटायचीसुद्धा धडपड केली नाही. चाचानं रस्त्याकडेचा दगड उचलला आणि बाजा वाजवायची तीन बोटं ठेचली. चार वेळा. चौथ्या वेळी दगडाला मांस लागून आलं.

तोवर मयतीतली माणसं भानावर आली होती. बापाच्या तिरडीपुढं मारामारी! त्यांनी तिरडी रस्त्यावर टेकवली आणि तीसेक जण आमच्यावर तुटून पडले. त्यांचं काही चुकलं नाही. माझी एक बरगडी आणि खांदा गेला. चाचाला चौघांनी धरलं आणि एकानं पडलेला ट्रम्पेट उचलून उलट्या बाजूनं, फुलासारखं पसरलेलं तोंड हातात धरून, त्याच्या तोंडावर घातला. पुन्हा घातला. समोरचे चारही दात गेले. वरचा ओठ मधोमध फाटून दोन झाला.

मलकापूरच्या सरकारी दवाखान्यात आम्हा तिघांना एकाच खोलीत टाकलं. हवालदार आला, त्याला तिघांनीही टेम्पोवरून पडलो म्हणून सांगितलं. अजहरनंही. डॉक्टर त्याला सांगून गेले की बोटं राहतील, पण वळणार नाहीत. तो हो म्हणाला आणि छताकडे पाहत पडून राहिला.

दुपारी गुलनाज आली. बापाच्या खाटेवरून सरळ पुढं गेली आणि अजहरपाशी थांबली. प्लास्टरमधल्या त्या हाताकडे पाहत राहिली. रडली नाही. चाचा उशीवरून मान वळवून बघत होता. तोंडात कापसाचे बोळे, ओठाला टाके. मग ती त्याच्यापाशी आली.

"अब्बा, चाल यानं नाई चोरली. म्या देल्ली. मोबाइलमंधी भरून म्याच देल्ली."

चाचानं माझ्याकडे पाहिलं. जणू मी म्हणेन, खोटं आहे.

"अन् मयतीत वाजवाले म्याच सांगतलं. हा नाई म्हनत व्हता. म्हने मामू मरून जातीन. म्या कसम घातली. म्हटलं, अब्बाच्या कानावर जाइनच, अन् बाटलेली चाल अब्बा वाजवत नाई अन् कोऱ्या चालीबिगर माहं लग्न करत नाई. दुसरी चाल भेटेपरेंत तरी लग्न टळन. बोलून पाह्यलं व्हतं नं तुमाले. तुमी ऐकलं काय?"

चाचा काहीतरी बोलू लागला. कापूस लाल होत गेला. त्यानं स्वतःच्या बोटांनी एक एक बोळा बाहेर काढला आणि खाटेवर ठेवला. मला वाटलं, आता शिव्या देणार. दातांवाचून नुसती हवाच बाहेर आली. दोनदा, तीनदा म्हणाला तेव्हा शब्द लागले.

"चाल… आवडत नोती तुले?"

"लय आवडते, अब्बा. लहान व्हती तवापासून आवडते. म्हनून तं त्या मानसासाठी वाजू नाई देल्ली."

चाचाचा उजवा हात उठला. सवयीनं उठला, तो हात मी चांगला ओळखत होतो. अजहर अंथरुणात उठून बसला. मला खांद्यामुळे उठता येईना आणि मी ओरडलो. गुलनाज मात्र जागची हलली नाही. तिनं तोंडावरची ओढणी बाजूला केली, गाल पुढं केला आणि म्हणाली, "मारा नं. माहंच तं राह्यलं आता."

हात तसाच वर राहिला. किती तरी वेळ राहिला. तो खाली कसा आणायचा, हे त्याला कुणी कधी शिकवलंच नव्हतं.